झाडाखालची आग

होळी होऊन सात दिवस झाले तरी मिरचीवर गेलेली माणसं कोसमटोल्याला परतली नव्हती. संक्रांत आटोपली की गावातली अर्धीअधिक घरं भांडी-अंथरुणं बांधून तेलंगणाच्या बाजूला मिरची तोडायला जात आणि शिमग्याच्या आत मजुरीची मिरची पोत्यांत भरून ट्रकने सडकेवर उतरत. यंदा तिकडे तोडणी मागे पडली आहे, एवढाच निरोप आला होता. सुगंधाबाई आणि तिची धाकटी मुलगी कांता त्यांच्यातच होत्या. घरी तिचा सोळा वर्षांचा मुलगा पत्रू एकटा होता. बाप बांबूच्या ट्रकवरून पडून गेला त्याला दहा वर्षं झाली होती. बैल आणि मोहाचं झाड राखायला घरात एक माणूस लागतंच, आणि आजा मुखरू गेल्या पावसाळ्यात वारल्यापासून ते माणूस म्हणजे पत्रूच होता.

रात्रीचे दहा वाजले असतील. पत्रू अंगणात बाजेवर पडला होता. डोंगराकडे पाठ करून पडला होता, पण पाठ करूनही उपयोग नव्हता. समोरच्या कुडाच्या भिंतीवर तांबूस उजेड हलत होता.

डोंगराला वणवा लागला होता. नाल्यापलीकडच्या उतारावरून आगीची रेघ संध्याकाळीच वर सरकली होती आणि आता ती माथ्याजवळ दोन ठिकाणी तुटून जळत होती. गावात कोणी फारसं हललं नव्हतं. मार्च महिन्यात डोंगर जळतोच. आग गावापासून लांब चालली होती आणि वारा पडला होता. लटारू तेवढा दिवेलागणीला चावडीसमोर उभा राहून म्हणाला होता, "माहे तीन झाडं गेले तिकडं. कळ्या होरपळल्या असतीन. उद्या सकाळी पाहू, कोनाच्या झाडाखालून निंगाली थे." एवढं बोलून तोही जेवायला गेला होता.

कोणाच्या झाडाखालून निघाली, हे पत्रूला माहीत होतं.

मोह टपकायला लागायच्या आधी झाडाखालचा पाला जाळावा लागतो. जमीन काळी, स्वच्छ झाली की पहाटे पडलेलं पांढरं फूल वेचायला नजरेस पडतं. हे काम आज्याने त्याला सहा वर्षांचा असल्यापासून शिकवलं होतं. आधी काटक्यांच्या खराट्याने झाडाभोवती दोन हात रुंद पट्टा झाडून काढायचा. मग वरच्या अंगाने आग लावायची, म्हणजे ती उताराकडे हळूहळू उतरते. मग बसायचं. बिडी प्यायची, पाणी प्यायचं, पण उठायचं नाही. सगळं विझलं की चारी बाजूंना राखेवर तळहात ठेवून बघायचा. हात सोसेल तेव्हा घरी यायचं.

"अन् नाई सोसला तं?" लहानपणी पत्रूने विचारलं होतं.

"तं बसाचं. तुले घरी कोन्ता कलेक्टर वाट पाहून राह्यला?" आजा म्हणाला होता.

आज दुपारी पत्रूने पट्टा झाडला, नीट झाडला. आग वरच्या अंगाने लावली. पाला पेटून अर्ध्यावर आला असेल, तेवढ्यात सडकेकडून ट्रकचा भोंगा आला. लांब, तीनदा. माणसं उतरवायची असली की ट्रकवाले असाच भोंगा देतात. पत्रूच्या हातातला खराटा कधी गळून पडला हे त्याला नंतरही आठवलं नाही. तो नाला ओलांडून, शेतांच्या बांधांवरून, पाऊण कोस पळत सडकेवर गेला. ट्रक बांबूचा होता. रस्त्यात गाय आडवी बसली होती आणि ड्रायव्हर तिला उठवत होता. क्लीनर पोऱ्याने पत्रूला विचारलं, "काय बे, वाघ मागं लागला का?" पत्रू म्हणाला, "नाई."

ट्रक गेल्यावर तो मैलाच्या दगडावर बसून राहिला. किती वेळ, ते सांगता येणार नाही. त्याने झाडाकडे परत जायला हवं होतं. पण सडकेवरून गाव जवळ होतं आणि पायांत बळ राहिलं नव्हतं. पाला तेवढा जळून आपोआप विझेल असं त्याने मनाला सांगितलं आणि तो गावात आला. शेजारच्या बायनाबाईने त्याला दारावरून जाताना बघितलं, हाक मारली आणि वाडगंभर आंबील प्यायला दिली. घोटाघोटाने पिताना तो तिच्या ओसरीवर बसून होता, आणि तिकडे त्याच्या झाडाखालचं एक वाळकं खोड धुमसत होतं. पट्ट्यापलीकडे वाऱ्याने एक ठिणगी नेली असेल. एक पुरते.

भिंतीवरचा उजेड थोडा मंदावला. पत्रू कुशीवर वळला. बाजेची सुतळी करकरली. गोठ्यात बैल उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला.

ते झाड घरात अंजनाचं म्हणून ओळखलं जाई. अंजना त्याची मोठी बहीण. पाच वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं तेव्हा आज्याने मांडवात सगळ्यांसमोर सांगितलं होतं की नाल्यापलीकडचं झाड अंजनाचं. त्याची फुलं दरसाल तिच्या घरी पोचतील. तेव्हापासून आजा वैशाखात वाळलेल्या फुलांची कावड खांद्यावर घेऊन तिच्या सासरी जाई, सोळा कोस, एक मुक्काम वाटेत. यंदा ती कावड पत्रूच्या खांद्यावर येणार होती. अंजनाला आता मुलगा झाला होता. पत्रूने त्याला अजून बघितलं नव्हतं.

अंजनाने पत्रूला पाठुंगळी घेऊन वाढवलं होतं. माय रोवणीला गेली की अंजना घर सांभाळी. तिला घाई असली की ती पत्रूच्या ताटातले मोठाले घास करून त्याच्या तोंडात कोंबत असे आणि म्हणे, "चाव, चाव, माहं काम पडलं हाये." लग्नाच्या दिवशी बैलगाडीत बसताना ती रडली नाही. गाडी नाल्यात उतरताना मात्र तिने मागे वळून ओरडून सांगितलं होतं, "पत्रूच्या कानात तेल टाकत जा गं माय, त्याचा कान वाह्यते." वऱ्हाडातली माणसं हसली होती. पत्रू तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि लाजेने गोठ्यात जाऊन लपला होता. आता तो रात्री कधी कधी ते वाक्य मनातल्या मनात म्हणून बघे.

आणि गावाचा नियम असा होता की ज्याच्या झाडाखालून आग सुटली, त्याचं झाड त्या हंगामापुरतं गावाचं. ते कोणाला द्यायचं हे देवाजी भूमक सांगे. भूमक म्हणजे मोहाचं पहिलं फूल देवासमोर ठेवणारा. त्याच्या आधी गावात कोणी फूल चाखत नाही, आणि आगीचा न्यायही तोच करी. दंडाच्या झाडाच्या फुलाला मूळ घराने त्या वर्षी हात लावायचा नाही. उद्या पत्रूचं नाव निघालं की अंजनाचं झाड जाणार होतं. वैशाखात तिच्या अंगणात कावड टेकणार नव्हती. तिच्या सासूला कोणीतरी कारण सांगेल. मुखरू होता तोवर असं कधी झालं नव्हतं, हेही सांगेल.

पत्रू उठून बसला. मडक्यातलं पाणी प्याला. पुन्हा पडला. आई असती तर तिने आतून विचारलं असतं, काऊन झोपत नाईस? मागच्या साली मिरचीवरून आली तेव्हा तिचे तळहात महिनाभर आगीसारखे होते. मिरचीचं तिखट कातडीत मुरलं की धुऊन जात नाही. सडकेवर ट्रकमधून उतरल्यावर तिने पत्रूला जवळ घेतलं ते कोपरांनी, तळवे लांब धरून, लाकडं उचलावीत तसं. "माहे हात नोको धरू, तिखट तोंडाले लागंल," ती म्हणाली आणि मनगटाच्या मागच्या बाजूने तिने त्याचे केस मागे सारले. पंधरा वर्षांच्या पोराला चार लोकांत हे नको होतं. तो अंग चोरून बाजूला झाला होता. ते आठवलं आणि पत्रूने पांघरूण तोंडावर ओढलं. मग ते काढून टाकलं. आत गरम होत होतं.

बाराच्या सुमाराला त्याने कंदील लावला, कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि तो निघाला. काय करायला, ते त्याला नक्की ठाऊक नव्हतं. राखेवर हात ठेवून बघावा एवढंच डोक्यात होतं.

नाल्यात पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडे चढल्यावर पायाखालची जमीन गरम लागली. अंजनाचं झाड उभं होतं. वरच्या फांद्यांच्या कळ्या शाबूत दिसत होत्या. आग खालून वेगाने निघून गेली होती. झाडाच्या चारी बाजूंना काळंच काळं होतं. त्याने झाडलेला पट्टा कुठे होता, हेही आता ओळखू येत नव्हतं. चाळीस पावलांवरच्या सुकलूच्या झाडाखाली तसंच होतं. सुकलू म्हणजे बायनाबाईचा नवरा. सत्तरीचा, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. पोरबाळ नाही. हे एक झाड आणि धानाच्या दोन बांध्या जमीन, एवढंच त्यांचं. त्यानेही आज सकाळीच आपल्या झाडाखाली जाळलं होतं.

वरून धप् धप् असा आवाज येत होता.

पत्रू थांबला. अस्वल असं आवाज करत नाही. तो कंदील उंच धरून चढला. लटारूच्या उरलेल्या झाडांकडे आगीची एक जीभ पाल्यातून सरकत होती आणि एक माणूस हिरवी फांदी दोन्ही हातांनी तिच्यावर आपटत होता. तीन फटके मारून तो थांबे, खोकून घेई, पुन्हा मारी. काही फटके विझलेल्या जागेवरच पडत होते.

"सुकलूकाका?"

"कोन थे?"

"मी पत्रू."

"तू काऊन आला रे? झोप नाई येत का?" सुकलू फांदीवर रेलून उभा राहिला. त्याच्या छातीचा भाता चालला होता. "येऊनच राह्यला तं त्या बाजूनं मार. मले तिकडचं दिसत नाई. नुसतं लाल लाल दिसते."

सागाची पानं चटकन पेटतात म्हणून पत्रूने साजाच्या झाडाची ओली फांदी तोडली आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. दोघं न बोलता मारत राहिले. राख नाकातोंडात जात होती. पत्रूच्या पायाच्या अंगठ्याला चटका बसला. तासाभराने ती जीभ एका खडकाशी येऊन विझली. माथ्यावरची आग पलीकडच्या उताराला गेली होती. तिकडे गाव नव्हतं.

सुकलू खाली बसला. त्याने बंडीच्या खिशातून बिडी काढली, तोंडात धरली, आणि न पेटवता पुन्हा काढून खिशात ठेवली.

"पोरा," तो म्हणाला, "माह्या हातून झालं हे."

पत्रूने हातातली फांदी खाली ठेवली.

"सकाळी जाळलो मी. बसलो होतो. राखेवर हात ठेवून पाह्यलो, चारी बाजूनं. मले आठवते, थंड होती. पर नसंल ठेवला एका बाजूनं. डोळे गेले, आता हातही गेले म्हनाचे." तो हसल्यासारखा आवाज काढून थांबला. "बायना रोज म्हनते, तुमी आता नोका जाऊ झाडाकडं, मी जाईन. मी तिले शिव्या देतो. आता काय देऊ?"

"काका—"

"उद्या देवाजीसमोर मीच उभा राह्यतो. लटाऱ्यानं नाव काढाच्या आधी. पर बायनाले आता नोको सांगू. रातभर रडत राह्यते थे."

"काका, आयका..." पत्रू म्हणाला.

"तो बुंधा पाह्य आधी. धुपून राह्यला थो."

पत्रूने जाऊन बुंध्यावर माती टाकली. परत येईपर्यंत सुकलू उठून उतार उतरायला लागला होता, पाय चाचपत. पत्रूने त्याचा दंड धरला. नाल्यात दोघांनी तोंड धुतलं. पाण्यात काळी राख वाहून गेली. तिथे सांगता आलं असतं. सुकलूचा हात पत्रूच्या हातात होता, आजूबाजूला कोणी नव्हतं. पत्रूने त्याला काठावर चढवलं. नाला ओलांडून गावाशी येईपर्यंत एक गोष्ट त्याच्या लक्षात आली, आणि ती त्याला आयुष्यभर आवडली नाही: आग दुसऱ्या कोणाची तरी आहे असं ऐकून त्याचं अंग हलकं झालं होतं.

घरी येऊन तो बाजेवर पडला तेव्हा कोंबडा आरवायला थोडाच वेळ उरला होता. आता भिंतीवर उजेड नव्हता. अंधारात त्याने अंजनाचा, तिच्या कावडीचा हिशोब मांडला. आजा काय म्हणाला असता, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो आज्याचा विचार करत नव्हता. मायला मात्र किती ढकललं तरी ती बाजेच्या कडेला येऊन बसत होती, तळहात लांब धरून.

सकाळी देवाजीच्या अंगणात पंधरा-वीस माणसं जमली. बरीच म्हातारी, काही बाया. कामाची माणसं मिरचीवर होती. देवाजी दातणाने दात घासत बाहेर आला, चूळ भरली, आणि बसला.

"नाकेदार दुपारपर्यंत येईन," तो म्हणाला. जंगलखात्याच्या शिपायाला गावात नाकेदार म्हणत. "त्याले सांगाचं, कोनी वाटसरूनं बिडी टाकली. समजलं? हे गावाचं गावात."

"गावाचं गावात, पर माहे तीन झाडं गेले न," लटारू म्हणाला. "वाटसरूच्या घरून आनू का फुलं?"

"बस ना खाली. उभा राह्यल्यानं झाडं येतीन का?"

लटारू बसला. सुकलू उठला. त्याने डोक्याचं फडकं काढून काखेत धरलं.

"आग माही हाये," तो म्हणाला.

बायनाबाई बायांच्या मागे उभी होती. तिने पदर तोंडावर घेतला आणि तो तिथेच धरून ठेवला.

"काकाची नाई," पत्रू म्हणाला. आवाज फुटला तो चिरका आणि मोठा. सगळे वळले. "माही हाये. अंजनाच्या झाडाखाली मी काल दुपारी जाळलो. तिथून निंगाली."

देवाजीने त्याच्याकडे बघितलं. "पट्टा झाडला होता का?"

"झाडला होता."

"हात ठेवून पाह्यला?"

"नाई. मी होतो नाई तिथी. जळत सोडून आलो."

"कुठी गेला?"

पत्रूने तोंड उघडलं. समोर वीस माणसं होती. लटारूच्या बाजूला त्याचा पोरगा श्रावण बसला होता, पत्रूच्याच वयाचा, मिशी फुटलेला. ट्रकचा भोंगा ऐकून माय आली म्हणून पळालो, हे वाक्य पत्रूच्या जिभेवर तयार होतं. ते तिथून पुढे सरकलं नाही.

"असाच," तो म्हणाला. "घरी आलो."

"झाडाखालची आग पेटती सोडून कोनी घरी येते का बे?" लटारू म्हणाला. "मुखरूचा नातू असून?"

"बायनाबाई, तू पाह्यलं का याले?" देवाजीने विचारलं.

बायनाबाई पदराआडून म्हणाली, "दुपारी माह्या ओसरीवर होता तो. आंबील पेऊन राह्यला होता. आगीतून आला असता तं अंगाले वास नसता का आला? बसला होता निवांत." ती थांबली. "पोरगं हाये थे. काल रातीही गेलं आमच्या म्हाताऱ्यायसंगं आग मारायले. त्यायचं नाव खराब होऊ नये म्हून बोलून राह्यलं."

"मी खरं सांगून राह्यलो," पत्रू म्हणाला.

"खरंच सांगते बिचारा," एक म्हातारी म्हणाली, आणि दोघं-तिघं हसले, वाईट नव्हे, लहान मुलाला हसतात तसे. सुकलू फडक्याने डोळे पुसत होता. पत्रूला वाटलं, एकदा श्रावणकडे बघून ते सांगून टाकावं. श्रावण त्याच्याकडेच बघत होता. पत्रूने मान खाली घातली.

देवाजीने फार वेळ लावला नाही. सुकलूचं झाड या हंगामापुरतं गावाचं. लटारूचा दावा होता, पण देवाजीचा आजवरचा रिवाज असा की दंडाचं झाड शेजारच्या झाडाच्या घराकडे जातं, म्हणजे राखणीला दुसरा माणूस लागत नाही. शेजारचं झाड मुखरूच्या घरचं. "पत्रू वेचंल," देवाजी म्हणाला. "लटाऱ्या, तुले पुढच्या हंगामात टोरी दोन पायल्या जास्त. झालं." टोरी म्हणजे मोहाचं बी, तेलासाठी वेचतात ते. "पोरा, नाई म्हनशील का?"

नाही म्हटलं असतं तर झाड लटारूकडे गेलं असतं. पत्रू म्हणाला, "नाई म्हनत नाई."

"काकाचा दोस आंगावर घेत होता, मोठ्या मनाचा हाये," ती म्हातारी पुन्हा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी देवाजीने पहिलं फूल वाहिलं आणि तिसऱ्या पहाटेपासून मोह भराने टपकायला लागला. पत्रू टोपली घेऊन चार वाजता झाडाखाली गेला. आधी अंजनाच्या झाडाखाली वेचलं. मग तो सुकलूच्या झाडाखाली उकिडवा बसला. फुलं थंड, फुगलेली, बोटांना चिकटत होती. काळ्या जमिनीवर ती दुरूनही दिसत होती.

उजाडायच्या आत कोणीतरी खोकलं. सुकलू काठी टेकत आला आणि झाडापासून दहा पावलांवर, फांद्यांच्या घेराबाहेर, एका दगडावर बसला.

"हात नाई लावत मी," तो म्हणाला. "बसाले तं मनाई नाई न?"

"नाई काका."

"झोप नाई येत. चाळीस वर्षं या वेळी इथी होतो." थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुह्या मागं पडलं एक. उजवीकडं."

पत्रूने मागे बघितलं. होतं. म्हातारा आवाजावरून सांगत होता. आणखी एक पडलं, त्याने काठीने तिकडे दाखवलं. बराच वेळ असं चाललं. पत्रू वेचत होता, सुकलू दाखवत होता.

"पत्रू, एक विचारतो," सुकलू म्हणाला. "त्या दिवशी मी राख पाह्यली होती. मले साफ आठवते. पर गाव म्हनते, मीही म्हनतो, की नसंल पाह्यली. मंग असं वाटते की आपल्याले जे जे आठवते थे सारंच खोटं असंल. बायनाचं, घरचं. रातीले पडल्या पडल्या मी एकेक तपासून राह्यलो."

पत्रूच्या हातातली फुलं टोपलीत पडली.

"थंडच होती तुमची राख," तो म्हणाला. "काका, मी जाळत होतो तं सडकेवर ट्रकचा भोंगा झाला. तीन डाव. मले वाटलं माय आली. पळालो. माय नव्हती. मंग तिथीच बसलो, मैलाच्या दगडावर. इकडं आलोच नाई."

सुकलूची काठी जमिनीवर टेकलेली होती ती तशीच राहिली. झाडावरून दोन फुलं पडली. त्याने कोणतंही दाखवलं नाही.

"मायसाठी," तो म्हणाला.

"हो."

"अन् परवा देवाजीनं विचारलं, कुठी गेला, तं हे काऊन नाई सांगितलं?"

पत्रूने एक फूल उचलून टोपलीत टाकलं. सुकलूने उत्तराची वाटही बघितली नाही.

"तो भोंगा मीही आयकला होता," सुकलू हळू म्हणाला. "मले वाटलं, आले सारे." तो उठला. त्याचे गुडघे वाजले. "झाला तो न्याय झाला. आता गावात बोलू नोको, देवाजीले दोनदा उठबस नोको. पर बायनाले मी सांगतो. माह्या घरात मले आंधळं म्हनून राह्यलं कोनी, थे नाई चालनार."

"काका—"

"वेच. उन्हं आल्यावर फूल सुकते."

तो गेला. काठी टेकतच गेला, पण आल्यापेक्षा भराभर.

त्या दिवशी दुपारी बायनाबाईची हाक आली नाही. माय गेल्यापासून सव्वादोन महिन्यांत असं एकदाही झालं नव्हतं. पेज, आंबील, कधी अंबाडीची भाजी, काही ना काही दारावरून जाताना हातात पडत असे. पत्रू दोनदा तिच्या दारावरून गेला. दार उघडं होतं, चूल पेटल्याचा धूर होता. तिसऱ्यांदा जायचा त्याला धीर झाला नाही. त्याने अंगणात दोन ढीग केले, अंजनाच्या झाडाच्या फुलांचा वेगळा आणि सुकलूच्या झाडाच्या फुलांचा वेगळा. दोन्ही उन्हात पसरले.

अंधार पडल्यावर त्याने चूल पेटवली. तांदूळ किती घ्यायचे ते त्याला माहीत होतं, पाणी किती ते माहीत नव्हतं. माय ओंजळीने मोजत असे. त्याने अंदाजाने घातलं आणि चुलीसमोर बसला.

दारात बायनाबाई येऊन उभी राहिली. हातात भांडं नव्हतं. तिने उंबरठा ओलांडला नाही.

"तू माह्या ओसरीवर आंबील पेऊन राह्यला होता," ती म्हणाली, "अन् तिकडं पेटून राह्यलं होतं."

"हो, काकी."

"अन् मी सगळ्यायसमोर सांगितलं की निवांत बसला होता."

"हो."

"तू आयकत होता मी बोलत होती तं."

"हो."

तिच्या श्वासाचा आवाज येत होता. चुलीतलं लाकूड खाली घसरलं आणि तिच्या तोंडावर क्षणभर उजेड पडला. तिचे डोळे सुजलेले होते. पत्रूला वाटलं ती आता ओरडेल, आणि ओरडली तर बरं होईल असंही वाटलं. ती तशीच उभी होती. मग तिने नाक वर करून वास घेतला.

"भात लागून राह्यला तुहा," ती म्हणाली. "पानी घाल."

आणि ती अंधारात निघून गेली. पत्रू उठला आणि त्याने मडक्यातून तांब्याभर पाणी काढलं.